व्यावसायिक गोल्फपटूही आपल्यासारख्याच चुका करतात का?

गोल्फमधील नामवंत व्यावसायिकांकडूनही सुट्टीच्या दिवशी हौसेने खेळणाऱ्यांच्याच चुका होतात का, असे आपण विचारले आहे. होतात, परंतु फटका मारण्याच्या तंत्रात क्वचित, आणि कोणता फटका मारायचा हे ठरवण्यात बऱ्याचदा, असे माझे मत आहे. नोकरीच्या काळात मी पुण्यात हा खेळ नियमित खेळत असे. निवृत्तीनंतर गुहागरला घरी परतल्यापासून, किनाऱ्यावर वर्दळ सुरू होण्याआधी, वाळूतल्या फटक्याचा तेवढा सराव चालू ठेवला आहे.

आधी तंत्राचे बोलू. सुरूच्या बनालगतच्या कोरड्या वाळूत सँड वेज, म्हणजे वाळूतून चेंडू काढण्याचा क्लब (गोल्फची काठी), चेंडूच्या दोन-तीन बोटे मागे शिरला पाहिजे, म्हणजे क्लबचा चेंडूला स्पर्श न होता वाळूच त्याला उचलून बाहेर टाकते. ओहोटीने उघड्या पडलेल्या घट्ट, ओल्या वाळूत मात्र वेजचा रुंद तळ आपटून उसळतो आणि त्याची कड चेंडूच्या मध्यावर बसते. माझ्याबरोबर येणारा पुतण्या दोन्ही ठिकाणी चेंडू खालून उचलायला जातो आणि विचारतो, "काका, चेंडू वर जायला हवा, तर क्लब खाली का मारायचा?" हौशी खेळाडूची ही सर्वांत चिवट चूक व्यावसायिकाच्या हातून सहसा होत नाही, कारण तिच्यावर त्याने लहानपणीच मेहनत घेतलेली असते.

निर्णयाचे तसे नाही. 1999 च्या ब्रिटिश ओपनमध्ये, स्कॉटलंडमधील कार्नूस्टी येथे, फ्रान्सचा जाँ व्हॅन द वेल्ड शेवटच्या होलवर (चेंडू भोकात घालेपर्यंतच्या टप्प्यावर) आला तेव्हा त्याच्याकडे तीन फटक्यांची आघाडी होती आणि सहा फटक्यांत होल संपवला असता तरी तो विजेता ठरणार होता. त्याने ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याचा क्लब, घेतला आणि चेंडू बराच उजवीकडे गेला. तेथून आखूड फटक्याने चेंडू फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) आणायचा सोपा मार्ग सोडून त्याने टू-आयर्न या लांब पल्ल्याच्या क्लबने थेट ग्रीन (भोकाभोवतीची गुळगुळीत हिरवळ) गाठायचे ठरवले. चेंडू प्रेक्षकांच्या स्टँडवर आदळला, बॅरी बर्न या वहाळाच्या दगडी काठावरून उसळला आणि दाट गवतात जाऊन पडला. पुढचा फटका पाण्यात गेला, दंडाचा फटका घेऊन मारलेला चेंडू बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात), आणि अखेर सात फटके झाले. बरोबरी सोडवण्यासाठीच्या जादा खेळात (प्लेऑफमध्ये) पॉल लॉरी जिंकला. त्या दिवशी व्हॅन द वेल्डचा स्विंग बिघडला होता असे मला वाटत नाही. आघाडी हाताशी असूनही मोठ्या फटक्याचा मोह त्याला आवरला नाही, आणि हा मोह आपल्या ओळखीचा आहे.

दुसरी चूक हलगर्जीपणाची. 1983 च्या ब्रिटिश ओपनमध्ये हेल अर्विन अगदी काही इंचांवरचा पट (ग्रीनवरून चेंडू भोकात ढकलण्याचा फटका) सहज मारायला गेला आणि चेंडूला क्लब लागलाच नाही. तो फटका मोजला गेला, आणि विजेत्या टॉम वॉटसनपेक्षा अर्विन एकाच फटक्याने मागे राहिला. 2001 मध्ये इयान वूस्नमच्या बॅगेत नियमातल्या 14 ऐवजी 15 क्लब निघाले. त्याला दोन फटक्यांचा दंड झाला. रोरी मॅकिलरॉयने 2024 च्या यूएस ओपनमध्ये शेवटच्या तीन होलांत चार फुटांच्या आतले दोन पट चुकवले आणि तोही एका फटक्याने हरला; मात्र त्याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही, ते दडपण होते.

आपल्याला माझे सांगणे एवढेच, की त्यांच्या अशा चुका पाहून आपले आणि त्यांचे अंतर कमी आहे असे समजू नये, आणि स्वतःवर उगाच चिडूही नये. आठ फुटांवरचा पट पीजीए टूर या अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतील खेळाडूही साधारण निम्म्याच वेळा घालतात, आणि हौशी खेळाडू मात्र तो चुकला की पुढच्या टीवर (होलचा पहिला फटका मारण्याच्या जागी) रागाने ड्रायव्हर उपसतो. कोकणात दुपारी खारे वारे सुटल्यावर समुद्राकडे तोंड करून सराव करत असाल, तर नेहमीपेक्षा एक पायरी जास्त पल्ल्याचा क्लब घेऊन सावकाश मारा. जोर लावल्याने चेंडूची फिरकी वाढते आणि समोरच्या वाऱ्यात तो आणखी वर चढून अलीकडेच पडतो.