वाचकांचे प्रश्न : गणपतीत सगळं घर जमणार, फोटोग्राफर कुठला बघू?

प्रश्न : नमस्कार दादा, आमचं घर गुहागर तालुक्यात. यंदा गणपतीला मुंबई-पुण्याची सगळी मंडळी येणार, लहानमोठे धरून बावीस-तेवीस जण होतील. सासूबाई ८१ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे जास्त वेळ उभं राहता येत नाही. सगळ्यांचा मिळून एक चांगला फोटो आणि प्रत्येक बिऱ्हाडाचा वेगळा, असं मनात आहे. तिघांना विचारून झालं. एक गावातला स्टुडिओवाला, एक रत्नागिरीचा लग्नाचे फोटो काढणारा आणि तिसरा दिरांच्या ओळखीचा मुंबईचा, तो म्हणतो संध्याकाळी बीचवर सनसेटला करू आणि ड्रोन पण उडवू. त्याचं इन्स्टा भारी आहे. कुणाला सांगू? – एक सूनबाई

उत्तर : ताई, सगळ्यात आधी इन्स्टा बाजूला ठेवा. तिथे माणूस आपले निवडक फोटोच टाकणार, त्यात चूक काही नाही, पण तुम्हाला तेवढ्यावरून कळत काहीच नाही. तिघांनाही सांगा की कुठल्याही एका कुटुंबाचं अख्खं काम दाखवा, पहिल्या फोटोपासून शेवटच्यापर्यंत, आणि त्यातले ग्रुप फोटो मोबाईलवर झूम करून बघा. मागच्या रांगेतले चेहरे शार्प आहेत का, कडेला उभी असलेली माणसं ताणल्यासारखी जाड दिसतायत का (जागा कमी म्हणून वाइड लेन्स लावून जवळून काढलं की असं होतं), चष्म्यावर लाइट चमकतोय का. आणि म्हातारी माणसं कशी दिसतायत ते नक्की बघा. हल्ली एडिटिंगमध्ये सगळ्यांना गोरं आणि गुळगुळीत करून टाकतात. तुमच्या सासूबाईंच्या सुरकुत्या पुसल्या तर त्या फोटोत राहिलं कोण? असं काम दिसलं तर रेट कितीही कमी असू दे, मी तरी नाही म्हणेन.

आता सनसेटबद्दल. आपला समुद्र पश्चिमेला, म्हणजे संध्याकाळी समुद्राकडे पाठ करून उभे राहिलात की सूर्य मागे जातो आणि चेहरे काळे पडतात. नवराबायकोचा सावलीसारखा फोटो छान येतो तसा, पण तेवीस जणांचे चेहरे दिसायला पाहिजेत तर मोठे फ्लॅश लागतात आणि ते नीट वापरणारा माणूस लागतो. पुळणीवरच हवा असेल तर सकाळी जा, ऊन जमिनीच्या बाजूने येतं, समुद्र मागे राहतो आणि चेहऱ्यावर उजेड पडतो, फक्त ऊन फार वर यायच्या आत उरका. पण भादव्यात आभाळ कधी भरेल सांगता येत नाही, समुद्र खवळलेला असतो, आणि सासूबाईंना वाळूतून चालवत नेणार कसं? मला तर वाटतं तुम्ही घरीच काढा.

घरी पडवी असेल तर यापेक्षा चांगला स्टुडिओ शोधून मिळणार नाही. छपराखाली कडेला बसायचं, तोंड अंगणाकडे, म्हणजे बाहेरचा मऊ उजेड सरळ चेहऱ्यावर येतो आणि पाऊस आला तरी काम थांबत नाही. ढगाळ दिवस तर पोर्ट्रेटला उत्तमच. मधोमध खुर्चीवर सासूबाई, बाजूला वडीलधारे, पोरं खाली चटईवर, बाकीचे मागे. दोन गोष्टी मात्र फोटोग्राफरला आधी विचारून ठेवा, कारण कोकणात काम केलेल्यालाच त्या माहीत असतात. चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर ऊन पडलं की तिचा तांबूसपणा चेहऱ्यावर येतो, आणि आगरात झाडांखाली उभं केलं की चेहरे हिरवट दिसतात. यावर तो काय करतो ते त्याने सांगितलं पाहिजे. माडाखाली तर कुणाला उभं करूच नका, नारळ पडायला वेळ लागत नाही. अंगणात शेवाळ असेल तर आदल्या दिवशी घासून घ्या.

बाप्पासमोर काढताना डेकोरेशनच्या निळ्या-गुलाबी एलईडी माळा तेवढ्यापुरत्या बंद करा, नाहीतर नऊवारीचा रंग कुठला आणि चेहऱ्याचा कुठला काही समजत नाही. समई राहू दे. वेळ सकाळची धरा, पण चतुर्थीला पूजा-नैवेद्याची गडबड आणि गौरी जेवतात त्या दिवशी बायका चुलीपासून हलत नाहीत, म्हणून मधला दिवस बघा. मोठा ग्रुप फोटो सगळ्यात आधी उरकायचा म्हणजे सासूबाई मोकळ्या होतात, वेगवेगळी बिऱ्हाडं नंतर निवांत.

ड्रोनला माझा नकारच आहे. पावसात तो उडवता येत नाही, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायला पायलटचं सर्टिफिकेट लागतं, शिवाय सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या वेबसाइटच्या नकाशावर तो भाग कुठल्या झोनमध्ये येतो ते बघावं लागतं. आणि वरून काढलेल्या फोटोत माणसं ओळखू येत नाहीत, मग कुटुंबाचा फोटो म्हणून त्याचा उपयोग काय?

पैशाचं बोलताना फक्त रेट विचारू नका. एडिट केलेले फोटो किती, कधीपर्यंत, पूर्ण साइझच्या फाइल्स देणार का, पाऊस कोसळला तर दुसरा दिवस मिळेल का, आणि प्रत्यक्ष कॅमेरा घेऊन येणार कोण (गणपतीत कामं जास्त असली की मालक पोराला पाठवतो), हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. पैसे देऊन काढून घेतलेल्या पोर्ट्रेटचा कॉपीराइट, वेगळं काही ठरलं नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे काढून घेणाऱ्याचा, म्हणजे तुमचा असतो. म्हणून फॉर्मवर सही करताना वाचा, आणि लहान मुलांचे फोटो त्याच्या पेजवर टाकू द्यायचे की नाही ते तुम्ही आधीच ठरवून सांगा. फाइल्स पेनड्राइव्हवर घ्या. १२ बाय १८ इंचाची चांगली प्रिंट काढायला साधारण ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात आणि व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो त्याच्या बराच खाली येतो.

तिघांमधला कोण म्हणाल तर गावातल्या स्टुडिओवाल्याला पहिली संधी द्या. दुकानात नुसते पासपोर्ट फोटो लावलेत म्हणून त्याला मोडीत काढू नका. घरी बोलवा, पडवी दाखवा, आणि तो काय विचारतो ते ऐका. आजींना किती वेळ बसवेल, पोरं किती वर्षांची, सकाळी उजेड कुठून येतो, हे त्याने आपणहून विचारलं आणि त्याचं आधीचं काम पसंत पडलं तर डोळे मिटून द्या काम. रत्नागिरीवाल्याचा हात चालू समारंभात बसलेला असणार, त्याला बावीस जणांना रांगेत बसवून काढलेले फोटो दाखवायला सांगा, ते चांगले असतील तर तोही चालेल.

प्रश्न : आजोबांचा जुना ब्लॅक अँड व्हाइट फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. काढायचा कसा? – एक वाचक, मालवण

उत्तर : ओढून काढू नका, अजिबात नाही. दमट हवेने फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला धरतो आणि ओढला की चेहराच काचेवर राहतो. काचेसकट स्टुडिओत न्या, काच बाहेरून पुसून, दोन्ही बाजूंनी तिरका लाइट टाकून वरूनच चांगल्या कॅमेऱ्याने कॉपी काढून घ्या. मोबाईलच्या एआय अॅपमध्ये घालून चेहरा साफ करत बसू नका, ते डोळे-नाक आपल्या मनाने बनवतं आणि आजोबांसारखा दुसराच कुणीतरी तयार होतो. नवीन प्रिंट फ्रेम करताना कडेने माउंट लावायला सांगा म्हणजे काच फोटोला टेकणार नाही, आणि पावसाचा मारा बसणाऱ्या भिंतीवर टांगू नका. जुना फोटो काचेसकट तसाच सुक्या कपाटात ठेवा.