एकाच कादंबरीला फ्रेंच मनोविश्लेषक लाकाँ आणि फ्रेंच विचारवंत बोद्रियार या दोघांचेही सिद्धांत लावता येतात का?

येतात, पण दोघांना एकच प्रश्न विचारू नका. लाकाँच्या मते 6 ते 18 महिन्यांचं मूल आरशातल्या अखंड प्रतिमेला 'मी' मानतं. प्रत्यक्षात शरीर अजून त्याच्या ताब्यात नसतं. म्हणजे 'मी'ची सुरुवातच बाहेरून उसन्या घेतलेल्या रूपाने होते. म्हणून पात्र स्वतःकडे कोणाच्या नजरेने बघतं, ते वाक्यावाक्यात शोधा. निवेदक मध्येच 'मी' सोडून स्वतःला 'तो' म्हणायला लागला, तर तिथे थांबाच. अशी एक जागा पानभर सिद्धांतापेक्षा जास्त सांगते, असं मला मनापासून वाटतं.

बोद्रियारने 1981 मध्ये मांडलेला मुद्दा निराळा आहे: जिच्यामागे कोणतीही मूळ वस्तू नाही अशी प्रतिमा, जी खऱ्याहून खरी वाटते. कादंबरीत तसं काही नसेल, तर त्याला ओढूनताणून आणू नका.