बेइराला मुलीला बरोबर न्यावे का?

मोझांबिकमधील बेइरा बंदरात गाळ उपसण्याच्या कामावर सर्व्हे इंजिनिअर म्हणून तुमची निवड झाली आहे, आणि पत्नी व सात वर्षांच्या मुलीला बरोबर न्यावे की नाही, असे तुम्ही विचारले आहे. व्हिसा, लसी, मलेरियापासून घ्यायची काळजी यांविषयी कंपनीच्या आणि दूतावासाच्या कागदांत पुरेसे लिहिलेले असते; ते मी पुन्हा लिहीत नाही. मी स्वतः २०१६ ते २०२० तेथे होतो. तुमचा प्रश्न वाचल्यापासून माझ्या काही जुन्या गोष्टी वर आल्या आहेत, त्यामुळे उत्तर लांबले तर क्षमा करावी.

प्रथम कामाविषयी, कारण त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पुंगवे आणि बुझी या दोन नद्या आपला गाळ एकाच मुखाशी आणून टाकतात, समोरचा समुद्र दूरवर उथळ आहे आणि जहाजांची वाहिनी वीस किलोमीटरांहून लांब आहे. ती खोल करून ड्रेजर हलला की पुन्हा भरू लागते. उधाणाला तेथे भरती आणि ओहोटी यांत ६ मीटरांहून अधिक फरक पडतो. मी मुंबई बंदरात उमेदवारी केलेली असूनही पहिल्या उधाणाला धक्क्यावर उभा राहून पाणी उतरताना नुसता पाहत राहिलो होतो. भरलेले जहाज भरतीच्या मोजक्या तासांतच आत घ्यावे लागते आणि भांगाच्या, म्हणजे भरती कमी चढते त्या, दिवसांत तेवढीही सवलत मिळत नाही, म्हणून तुमच्या नकाशातील अर्ध्या मीटरला मोल आहे. झिंबाब्वे आणि मलावी यांना स्वतःचा समुद्र नाही, त्यांचे बरेचसे खत आणि इंधन याच वाटेने जाते. एकोसाउंडर म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याची खोली मोजणारे यंत्र; त्याच्या दोन फ्रिक्वेन्सींपैकी एक पातळ गाळाच्या माथ्यावर थांबते, दुसरी खालच्या घट्ट थरापर्यंत जाते, आणि त्यांतला तळ कोणता मानायचा यावर ठेकेदाराचे बिल ठरते. हे करारात पहिल्याच आठवड्यात स्पष्ट करून घ्या. मी घेतले होते. तो करार मी दोनदा, शब्दकोश जवळ घेऊन वाचला होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा संबंध येणार आहे.

कागदपत्रांचा त्रास कोणी नीट सांगत नाही. परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राला तेथे सगळे ‘दिरे’ म्हणतात आणि प्रत्येक भारतीय दाखल्याचे अधिकृत पोर्तुगीज भाषांतर लागते. पोर्तुगीज पद्धतीत आईचे आडनाव आधी आणि वडिलांचे शेवटी येते. आपल्या पद्धतीने माझ्या मुलाच्या नावात मधे माझे नाव होते. खिडकीपलीकडच्या बाईंनी ते त्याच्या आईचे आडनाव धरले आणि आईच्या पासपोर्टावर ते आडनाव का नाही, असे विचारले. त्यातच लग्नात माझ्या पत्नीचे नाव बदललेले, म्हणजे जन्मदाखला एका नावाचा, पासपोर्ट दुसऱ्या नावाचा, आणि ही एकच व्यक्ती आहे हे सिद्ध करण्यात चार महिने गेले. त्या बाईंवर मी फार चिडलो होतो. आज वाटते की त्यांचा प्रश्न त्यांच्या जागी योग्यच होता. तुमच्याकडे असे काही असेल तर प्रतिज्ञापत्र भारतातूनच करून न्या.

आता शाळा. कंपनीच्या पत्रात ‘शहरात इंग्रजी माध्यमाची सोय आहे’ असे एक वाक्य असेल. आमच्याही होते. प्रत्यक्षात त्या लहानशा शाळेत जागा नव्हती, म्हणून मुलाला पोर्तुगीज माध्यमाच्या एका खाजगी शाळेत घातले. तेथील शालेय वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होऊन नोव्हेंबरच्या सुमारास संपते. आम्ही ऑगस्टमध्ये पोहोचलो होतो, त्यामुळे पुण्यात चौथी नुकतीच सुरू झालेला मुलगा सहा महिने घरी बसला. मग शाळेने तीन पानांचा अर्ज दिला. मला साइटवर जायची घाई होती, मी तो न वाचता सही करून परत दिला. भाषा येत नसल्याने मुलाला दुसरीत बसवण्यास पालकांची संमती आहे, असे त्यात लिहिले होते.

नऊ वर्षांचा मुलगा सहा-सात वर्षांच्या मुलांत बसला. पाच महिने तो वर्गात एक शब्दही बोलला नाही, हे मला त्याच्या शिक्षिकेकडून कळले, तेही पत्नीमार्फत. मी तेव्हा म्हणालो की मुले भाषा लवकर उचलतात. भाषा त्याने उचलली, अगदी अस्खलित उचलली. परंतु डिसेंबर २०१८ मध्ये तो आणि त्याची आई पुण्याला परतले तेव्हा दाखल्यावर तिसरी उत्तीर्ण असे होते आणि बरोबरीची मुले सहावीत होती. बऱ्याच विनवण्यांनंतर जूनमध्ये एका शाळेने पाचवीत घेतले. ती दोन वर्षे भरून निघालेली नाहीत आणि त्याविषयी तो माझ्याशी कधी बोललेला नाही.

एकटेपणाविषयी तुम्ही सविस्तर विचारले आहे. तो असतो आणि काम असले की निभते. गुजराती दुकानदारांच्या घरी दिवाळीला बोलावणे येते, समुद्रावर फिरता येते. यापेक्षा अधिक मला लिहायचे नाही.

एक मात्र कबूल करतो. १४ मार्च २०१९ च्या रात्री ‘इदाई’ वादळाने शहर उद्ध्वस्त केले, माझ्या घराचे छप्पर गेले, फोन बंद पडले. मदतीला भारतीय नौदलाची ‘सुजाता’ आणि ‘शार्दूल’ व तटरक्षक दलाचे ‘सारथी’ बंदरात आल्याचे कळल्यावर मला रडू आले होते. त्यानंतर कित्येक वर्षे मी नातेवाइकांना सांगत असे की कुटुंबाला वेळेवर परत पाठवले हे किती शहाणपणाचे ठरले. ते तीन महिने आधी, शाळेपायी गेले होते, आणि निर्णय माझा नव्हता, पत्नीचा होता.

तरीही मुलीला नेऊ नका असे मी सांगू शकत नाही, कारण आम्ही तिघे एकत्र होतो ते दिवसही मला हवेच होते. न्यायचे ठरले तर पोर्तुगीजची शिकवणी तिघांनीही आजच सुरू करा, जाण्याची तारीख जानेवारीत बसवून घ्या, आणि येथील शाळेचा प्रगतिपुस्तकासह दाखला भाषांतर करून ठेवा. शाळेचा अर्ज हातात आला की सही करण्यापूर्वी त्याची छायाचित्रे मला पाठवा. मी त्याच दिवशी ओळ न् ओळ मराठीत लिहून देईन.