गिअर नॉब बदलताना घाई नको

मित्रा, नवा नॉब (गिअरच्या दांड्यावरची मूठ) मागवण्याआधी जुना काढून बघ. गाडी बंद, हँडब्रेक ओढलेला. बूट, म्हणजे दांड्याभोवतीचं आवरण, खाली सरकवून नॉब डावीकडे फिरव. घट्ट असेल तर हेअर ड्रायरने दोन मिनिटं गरम कर आणि रबरी हातमोजा घालून फिरव. पक्कड लावलीस तर आटे गेलेच समज.

आटे गाडीगणिक वेगळे. होंडाच्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांना बहुतेक १० मिमी × १.५ (आट्यांचा व्यास × दोन आट्यांमधलं अंतर), टोयोटाला १२ × १.२५. पोलोसारख्या गाडीत नॉब क्लॅम्पने बसवलेला असतो, तो फिरवू नकोस. रिव्हर्ससाठी नॉबखालची रिंग उचलावी लागत असेल, तर ती मोकळी हलेल असाच नॉब घे. आणि धातूचा घेऊ नकोस रे, मे महिन्यात हात भाजतो.