बाविसाव्या आठवड्यात अपेंडिक्स: बाळंतपणापर्यंत थांबता येईल का?

तुम्ही लिहिलंय की बायकोला बाविसावा आठवडा चालू आहे, सोनोग्राफीत अपेंडिक्सला सूज दिसली, सर्जन आजच ऑपरेशन म्हणतात आणि आई म्हणतात, औषधांवर ढकला, बाळंतपणानंतर बघू.

मी भूलतज्ज्ञ आहे, परळ-दादरकडच्या हॉस्पिटलांत काम करते. ढकलू नका. आईंचा जीव घाबरणारच, पण बाळाला भीती सुरीपेक्षा फुटलेल्या अपेंडिक्सची जास्त. फुटायच्या आत काढलं तर बाळ दगावण्याचं प्रमाण साधारण शेकडा ५ च्या आत असतं. फुटून पू पसरला की ते शेकडा २० च्या वर जातं. नुसत्या अँटिबायोटिकवर भागवणं गरोदरपणात सहसा सुचवत नाहीत.

तुमचं निदान वेळेत झालं, हेच मोठं. अपेंडिक्सच्या खुणा गरोदरपणात झाकल्या जातात: उलट्या होतातच, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एरवीही वाढलेल्या असतात, गर्भाशय वर सरकतं तशी दुखण्याची जागाही कधीकधी वर जाते. मग घरचे (आणि कधी आम्हीही) ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत दोन दिवस घालवतो. सोनोग्राफीत नीट दिसलं नाही तर एमआरआय करतात, त्यात एक्स-रे नसतात.

आता भूल. ‘बाळाला बाधेल का?’ हे मला प्रत्येक सासूबाई विचारतात. नेहमीच्या मात्रेत भुलेच्या औषधांनी माणसाच्या बाळात व्यंग आल्याचं सिद्ध झालेलं नाही. शिवाय बाळाचे मुख्य अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडून जातात. माझं लक्ष असतं ते आईच्या बीपी आणि ऑक्सिजनवर, कारण बाळाचा पुरवठा तिथूनच होतो. उताणं झोपवलं तर जड गर्भाशय मोठ्या शिरेवर दाब देतं, म्हणून टेबल डावीकडे कलतं ठेवतो. ऑपरेशन दुर्बिणीतूनही करता येतं, त्यासाठी पोटात भरतात त्या गॅसचा दाब बेताचा ठेवून. बाळाचे ठोके आधी आणि नंतर तपासतात.

एवढं मात्र विचारा: स्त्रीरोगतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर असतील का? नसतील तर केईएम, सायन, नायर इथे सर्जरी आणि प्रसूती विभाग एकाच आवारात आहेत. पण हॉस्पिटल बदलण्यात रात्र घालवू नका.

(पित्ताशयातले खडे असते आणि दुखणं थांबलं असतं, तर मीही कदाचित ‘थांबा’ म्हटलं असतं. हे तसं नाही.)

आणि आता तिला चहासुद्धा देऊ नका. शेवटचं काय, किती वाजता खाल्लं ते लिहून ठेवा. भूल देणारे पहिलं तेच विचारतील.