उत्तर: बायकोचं करिअर कॉलेज कॅश मॉनिटरिंगवर आहे, काळजी करावी का?

तुम्ही विचारलंय की बायको मेडिकल असिस्टंटचा कोर्स करतेय ते कॉलेज अमेरिकेच्या फेडरल (केंद्रीय) शिक्षण खात्याच्या हाइटन्ड कॅश मॉनिटरिंगच्या, म्हणजे कॉलेजला मिळणाऱ्या सरकारी पैशांवर जास्तीची नजर ठेवण्याच्या यादीत आलंय, ऑफिसवाले म्हणतात नुसतं पेपरवर्क राहिलंय, दंड झालाच तर कॉलेज भरेल, मग आपल्याला काय फरक पडतो. फरक पडतो, आणि सगळ्यात जास्त तुम्हालाच पडतो. मी इथे अमेरिकेत अशाच एका करिअर कॉलेजच्या (थेट नोकरीचं शिक्षण देणाऱ्या कॉलेजच्या) फायनान्शियल एड ऑफिसमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांची कर्जं आणि मदत बघणाऱ्या ऑफिसमध्ये सहा वर्षं होते, ते नंतर बंद पडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हे पेपरवर्क म्हणजे काय ते बघा. विद्यार्थी मध्येच सोडून गेला की त्याच्या नावावर आलेल्या फेडरल पैशातला जो भाग त्याने शिकून "कमावलेला" नाही तो कॉलेजने ४५ दिवसांत परत करायचा असतो आणि तो हिशोब शेवटच्या हजेरीच्या तारखेवर होतो. आमच्याकडे हजेरी वेळेवर यायचीच नाही, दोन-दोन आठवड्यांची एकदम भरली जायची, म्हणजे पोरगी ऑक्टोबरातच सोडून गेली तरी कागदावर अजून वर्गात बसलेली. ऑडिटमध्ये ती एक ओळ असते हो, पण तिच्या नावावर तेवढं जास्तीचं कर्ज राहतं आणि ते तिला कुणी सांगतही नाही. मला तेव्हा हे कळत होतं, मी दोनदा लेखी दिलं, पण आणखी जोर लावायला हवा होता असं आजही वाटतं.

आता कॅश मॉनिटरिंग. त्याच्या दोन पातळ्या असतात, लेव्हल १ आणि त्याहून कडक लेव्हल २. नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजांना उत्पन्नाचा ९० टक्क्यांपर्यंत भाग फेडरल पैशातून घेता येतो, त्यामुळे तो नळ जरा आवळला तरी पगार आणि भाडं अडतं. लेव्हल २ वर तर आधी स्वतःच्या खिशातून विद्यार्थ्यांच्या खात्यात पैसे टाकायचे, मग कागद पाठवायचे, ते तपासून झाले की मग पैसे मिळणार. कोरिंथियन कॉलेजेस या करिअर कॉलेजांच्या साखळीचं उदाहरण घ्या. जून २०१४ मध्ये खात्याने त्यांचे पैसे फक्त २१ दिवस उशिरा द्यायचं ठरवलं आणि एवढी मोठी कंपनी तेवढ्यानेच कोलमडायला लागली. एप्रिल २०१५ मध्ये त्यांच्या हील्ड कॉलेजला नोकरी मिळाल्याचे खोटे आकडे दिल्याबद्दल जवळपास ३ कोटी डॉलरचा दंड लागला, असे चुकीचे आकडे ९४७ निघाले होते. टेम्प एजन्सीला (तात्पुरती कामं देणाऱ्या कंपनीला) पैसे देऊन आपल्याच कॅम्पसवर दोन दिवसांचं काम द्यायचं आणि त्याला प्लेसमेंट म्हणायचं असले प्रकार. त्याच महिन्याच्या शेवटी उरलेले २८ कॅम्पस बंद झाले आणि १६ हजारांच्या आसपास विद्यार्थी रस्त्यावर. दंड कॉलेजला होता ना? कंपनीने तर लगेच दिवाळखोरी जाहीर केली. विद्यार्थ्यांची कर्जं सरसकट माफ व्हायला जून २०२२ उजाडलं, ५ लाख ६० हजार लोकांचे ५.८ अब्ज डॉलर, आणि तो भार शेवटी करदात्यांवर म्हणजे तुमच्या-माझ्यावर आला. मधली सात वर्षं त्या लोकांनी खराब क्रेडिट स्कोअर घेऊन काढली, कुणाला घर भाड्याने मिळेना, कुणाचा टॅक्स रिफंड कापला गेला, ते कुठल्या आकड्यात धरायचं?

आयटीटी टेक ही अशीच दुसरी मोठी साखळी २०१६ च्या सप्टेंबरात बंद झाली तेव्हा ८ हजारांवर कर्मचाऱ्यांची नोकरी गेली, त्यात प्रामाणिकपणे शिकवणारे कितीतरी होते.

आणि एक गोष्ट ज्याबद्दल फार कमी बोललं जातं, ती म्हणजे नियम पाळणाऱ्या कॉलेजांचं नुकसान. शेजारचं कॉलेज ९० टक्के प्लेसमेंट छापतं आणि तुम्ही खरे ६० सांगता, ॲडमिशन कुठे जाणार? म्हणजे खोटं बोलणारा नुसता सुटत नाही, तो खरं बोलणाऱ्याला बाजारातून हाकलतो. माझ्या मते सगळ्यात खोल नुकसान हेच आहे, कारण ते भरून येत नाही.

आमचं कॉलेज बंद झालं तेव्हा सकाळी दाराला कागद चिकटवलेला होता. एक बाई होती, दोन मुलं सांभाळून १६० तासांची एक्सटर्नशिप (क्लिनिकमधलं प्रत्यक्ष काम) संपवलेली, फक्त तासांच्या फॉर्मवर आमची सही राहिली होती. सही करणारंच कुणी उरलं नाही. क्लिनिक तिला घ्यायला तयार होतं, तीन आठवडे थांबलं आणि मग दुसरीला घेतलं.

म्हणून तुमच्याबद्दल. यादीत नाव आलं म्हणजे कॉलेज बुडणारच असं नाही, ऑडिट उशिरा दिलं म्हणूनही लेव्हल १ वर टाकतात. पण लेव्हल २ असेल तर पुढच्या टर्मचं कर्ज उचलायच्या आधी थांबा. ॲक्रेडिटेशन (मान्यता) देणाऱ्या संस्थेला थेट मेल करून, तिने कॉलेजकडे टीच-आउट प्लॅन, म्हणजे कॉलेज बंद पडलं तर विद्यार्थ्यांचा कोर्स पुरा कसा होणार याची योजना, मागितलाय का ते विचारा. जवळच्या कम्युनिटी कॉलेजला (स्थानिक सरकारी कॉलेजला) तिचे क्रेडिट, म्हणजे पुऱ्या केलेल्या विषयांची नोंद, घेणार का ते आताच लेखी विचारा, बरेचदा घेत नाहीत. कॉलेज बंद झालंच तर तेव्हा शिकत असणाऱ्यांना किंवा त्याआधी १८० दिवसांत सोडलेल्यांना फेडरल कर्ज माफ करून मागता येतं, पण तेच क्रेडिट नेऊन दुसरीकडे तसाच कोर्स पुरा केला तर तो हक्क सहसा जातो, हे गडबडीत लोकांच्या लक्षात येत नाही. प्रायव्हेट लोनला तर ही माफी लागूच नाही, त्यामुळे कॉलेज "आमचंच लोन घ्या" म्हणालं तर अजिबात घेऊ नका.

एनरोलमेंट ॲग्रीमेंट, कोर्स कॅटलॉग, लोन खात्याचे स्क्रीनशॉट घरी ठेवा, ट्रान्सक्रिप्ट याच आठवड्यात मागवा, आणि एक्सटर्नशिप सुरू झाली की तासांच्या फॉर्मवर दर शुक्रवारी दोघांच्या सह्या घ्यायला सांगा, क्लिनिकची पण आणि कॉलेजची पण.