आधी घर की आधी सुधारणा?

प्रश्न : व्यसन, मानसिक आजार किंवा घरातील बेबनाव यांमुळे माणसे रस्त्यावर येतात, असे सर्रास म्हटले जाते. मग सरकारच्या गृहनिर्माण धोरणाने बेघरांच्या संख्येत खरोखर फरक पडतो का? (एक वाचक)

उत्तर : पडतो, आणि बराच पडतो. आपण दिलेली कारणे खरी आहेत. पण आजार, व्यसन आणि मोडलेले संसार सगळीकडेच असतात, बेघरांचे प्रमाण मात्र ठिकठिकाणी वेगळे असते. परवडणाऱ्या भाड्याची खोली मिळत असेल, तर काम सुटलेला माणूसही कसाबसा छपराखाली टिकतो. ती खोलीच नाहीशी झाली, की तोच माणूस बोचके घेऊन पदपथावर येतो. ब्रिटनमध्ये १९८० च्या कायद्याने सरकारी भाडेकरूंना राहते घर सवलतीत विकत घेण्याचा हक्क मिळाला. अनेक कुटुंबांचे त्यात भले झाले, हे मान्यच करायला हवे. परंतु विकलेल्या घरांच्या जागी तितकी नवी घरे उभी राहिली नाहीत आणि पुढच्या गरजूंची प्रतीक्षायादी लांबत गेली.

याउलट उदाहरण फिनलंडचे. ‘आधी व्यसन सोडा, मग घर मिळेल’ ही जुनी अट तिथे २००८ पासून उलटी करण्यात आली : आधी घर, उपचार नंतर, तेही माणसाच्या संमतीने. हेलसिंकीतील सुमारे २५० खाटांचा एक रात्रनिवारा मोडून त्याच इमारतीत ८० स्वतंत्र घरे केली गेली. खाटा कमी झाल्या, हे वरवर पाहता नुकसानच वाटेल. पण निवाऱ्यातली खाट सकाळी सोडावी लागते. घराला आतून कडी लावता येते, भाडेकरारावर स्वतःचे नाव असते, औषधाची बाटली ठेवलेल्या जागी सापडते. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे, कारण उद्या कुठे झोपायचे हा घोर संपल्याशिवाय कोणाकडूनही व्यसनमुक्तीची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

अर्थात हे भाडे बहुतेकांना सरकारी गृहभत्त्याच्या आधारानेच परवडते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस तिथे पंधरा हजारांहून अधिक बेघर होते. ती संख्या २०२३ पर्यंत साडेतीन हजारांच्या आत आली. त्यानंतर गृहभत्त्यात कपात झाली आणि २०२४ मध्ये, अनेक वर्षांत प्रथमच, ती पुन्हा वाढली.